दहिसर नदीकाठचा तळमजला

प्रश्न : बोरिवलीत दहिसर नदीजवळ तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यापूर्वी काय तयारी करावी?

उत्तर : हिमालयात बर्फ वितळून नद्या फुगतात, तुमची नदी मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून थेट उतरते, सावरायला वेळच देत नाही. त्यात भरती असली की खाडी पाणी घेत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला होता! भरतीचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. कागदपत्रे माळ्यावर ठेवा. दारातल्या वाळूच्या पोत्यांवर माझा फारसा भरवसा नाही; पाणी मोरीतूनच उलटे येते. जाळीवर चिंध्यांचा बोळा, वर भरलेली कळशी ठेवा. पाणी उंबऱ्याला लागण्याआधीच मेन स्विच बंद करा, आजी-आजोबांना वर न्या, सामान नंतर. पुराच्या पाण्यातून चालला असाल, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांत डॉक्टरांना गाठा. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.