दृष्टीआड सृष्टी?



समुद्रातील प्लास्टिक म्हटले की मुंबई-रत्नागिरीचे किनारे डोळ्यांपुढे येतात. मलकापूरचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आपल्या पाण्याची वाट पाहू या.

शाळी-कडवीचे पाणी वारणेत जाते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. उलट, आंबा घाटाच्या पश्चिम उतारावरील पाणी कोकणातून अरबी समुद्राकडे जाते. गटारात टाकलेली पिशवी एका समुद्राच्या वाटेला लागते, घाटात भिरकावलेली बाटली दुसऱ्या.

सगळेच प्लास्टिक समुद्रापर्यंत पोहोचत नाही. काही काठावरच्या झुडपांत अडकते, काही धरणांच्या गाळात रुतते. पण ते मातीसारखे मातीत मिसळत नाही. ऊन व लाटांनी त्याचे तुकडे होतात. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. मासे ते अन्न समजून गिळतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला आणि कृष्णेच्या मुखाजवळही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तरंगणारी पिशवी कासवाला भक्ष्य वाटू शकते.

महाराष्ट्राने 2018 साली प्लास्टिकबंदी केली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. पण कायदा प्रत्येक स्वयंपाकघरात येऊन उभा राहू शकत नाही. तेथे विवेकच लागतो. परिणाम आपल्याला दिसत नाही, एवढ्याने कृतीची जबाबदारी संपत नाही. नदीच्या मुखाशी जाळे टाकणारा अनोळखी कोळीही आपला शेजारीच आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्लास्टिकचा वापर टाळण्यासारख्या लहान कृतींनाही मोल दिले आहे.

घरी एवढे करू या:

1. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये, तो तुकडा हमखास हरवतो. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्यावी.
2. ओला कचरा पिशवीत बांधून टाकू नये.
3. प्लास्टिक जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो.
4. लग्न-बारशाच्या पंगतीत पत्रावळी व स्टीलचे पेले वापरावेत.

कुटुंबात चर्चेसाठी: आपल्या घरातून आठवडाभरात किती प्लास्टिक बाहेर जाते? ते नेमके कोठे जाते?