हार्ड डिस्कवरील अडलेले दप्तर

शाळेच्या कार्यालयातील संगणक एके दिवशी बंद पडतो. जनरल रजिस्टरच्या नोंदी, गुणपत्रके, वेतनदेयके हे सर्व सुदैवाने एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलेले असते. नवा संगणक येतो, डिस्क जोडली जाते, फोल्डरांची नावे पडद्यावर दिसू लागतात. परंतु त्यांतील एखादे उघडावयास जावे, तर परवानगी नसल्याची सूचना मिळते. दाखल्यासाठी आलेला विद्यार्थी मात्र दारात उभाच असतो. असा प्रसंग ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत आणि घरोघरीही उद्भवतो. डिस्क बिघडली असे समजून ती फॉरमॅट करण्याचा सल्ला देणारे अशा वेळी पुष्कळ भेटतात. तो मानल्यास जे केवळ अडलेले होते, ते खरोखरच हातचे जाते.

फोल्डर न उघडण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात मजकूर जसाच्या तसा असतो. तो कोणी पाहावा याची यादी तेवढी आड येते. दुसऱ्यात मजकूरच सांकेतिक रूपात बदललेला असतो. पहिला अडसर देवडीवरील पहारेकऱ्याचा, तर दुसरा तिजोरीच्या कुलपाचा. यांपैकी आपल्यापुढे कोणता आहे हे ठरविल्याखेरीज कोणताही उपाय योजू नये.

पहारेकरी नाव नव्हे, क्रमांक पाहतो

विंडोज प्रणालीत १९९३ पासून एनटीएफएस ही मांडणी वापरात आहे. तीत प्रत्येक फोल्डरचा एक मालक नोंदलेला असतो आणि कोणास काय करता येईल याची यादीही जोडलेली असते. या नोंदी खात्याच्या नावाने नसून एका लांबलचक ओळख-क्रमांकाने केलेल्या असतात आणि संगणकावर निर्माण केलेल्या खात्याचा क्रमांक त्या संगणकापुरताच असतो. म्हणून जुन्या व नव्या संगणकावर खात्याचे नाव 'कार्यालय' असेच ठेवले, पासवर्डही तोच दिला, तरी पहारेकऱ्याच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी माणसे ठरतात. फोल्डरच्या 'सिक्युरिटी' या भागात नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने आरंभ होणारा क्रमांक दिसला, तर जुन्या मालकाची ओळख नव्या संगणकास पटलेली नाही, असा त्याचा अर्थ होय.

येथे उपाय सोपा आहे. मात्र तो करणाऱ्याचे खाते ॲडमिनिस्ट्रेटर दर्जाचे असावयास हवे. फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' असे बटण आले, तर प्रथम तेच दाबून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. फायली हजारोंनी असल्यास या कामास बराच वेळ लागतो. तो संपेपर्यंत डिस्कची वायर काढू नये.

तेवढ्याने न भागल्यास फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', त्यातून 'सिक्युरिटी' आणि पुढे 'ॲडव्हान्स्ड' येथे जावे. 'ओनर' या शब्दासमोरील 'चेंज' दाबून स्वतःच्या खात्याचे नाव लिहावे व 'चेक नेम्स'ने पडताळावे. आतील सर्व फोल्डरांचा मालक बदलण्याविषयीच्या चौकटीत खूण करून मान्यता द्यावी. बहुतेकांची चूक येथेच होते. मालकी मिळाली म्हणजे वाचण्याचा अधिकार मिळाला असे नव्हे. मालकास यादी बदलण्याचा अधिकार तेवढा मिळतो. म्हणून खिडकी एकदा बंद करून पुन्हा उघडावी, 'ॲड'मधून आपले खाते यादीत घालावे आणि त्यास 'फुल कंट्रोल' द्यावा. हा बदल आपल्या दप्तराच्या फोल्डरापुरताच करावा. संगणक ज्यावर चालतो त्या 'सी' ड्राइव्हवर तो केल्यास प्रणालीच कोलमडण्याची भीती असते.

तिजोरीची गोष्ट वेगळी

फोल्डर उघडते, फायलींची नावे दिसतात, त्यांवर कुलपाचे लहानसे चिन्ह असते आणि मालकी बदलूनही एकही फाईल उघडत नाही, अशी स्थिती असल्यास ईएफएस या सोयीने मजकूर सांकेतिक केलेला असण्याचा संभव फार. त्याची किल्ली डिस्कवर नसते. ती जुन्या संगणकावरील त्या खात्याच्या प्रमाणपत्रात असते. जुना संगणक चालू करता आला, तर त्याच खात्यात त्याच पासवर्डने शिरून फायली मोकळ्या कराव्यात, अथवा प्रमाणपत्र खाजगी किल्लीसह उतरवून घ्यावे. भंगारात द्यावयाच्या संगणकाची आतील डिस्क म्हणूनच घाईने पुसू नये.

संपूर्ण डिस्कच कुलपाच्या चिन्हासह दिसत असेल व पासवर्ड मागत असेल, तर तेथे बिटलॉकर आहे. बाह्य डिस्कसाठी ही सोय २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आली. पासवर्ड विसरल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली चालते. ती सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते. कुलूप लावताना ती छापून ठेवली होती काय, एखाद्या मजकूर-फायलीत जतन केली होती काय, की मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवली होती, याचा शोध घ्यावा. जुनी फाईल-कपाटेही चाळावीत. असा कागद बरेचदा वॉरंटी-कार्डाजवळ सापडतो. पासवर्ड आणि किल्ली दोन्ही नसतील, तर उघडून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर वरीलपैकी काहीच करू नये. तो दोष यंत्राचा असून प्रत्येक प्रयत्नागणिक हानी वाढते. डिस्क तत्काळ बंद करून जाणकाराकडे द्यावी.

हे सर्व उपाय स्वतःच्या अथवा आपल्या ताब्यात रीतसर आलेल्या दप्तरासाठीच आहेत. दुसऱ्याची डिस्क त्याच्या अनुमतीवाचून उघडणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते आणि ते लबाडीने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कार्यालयात लिपिक बदलून गेला असेल, तर त्याने ठेवलेले फोल्डर उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांचा लेखी आदेश घेणे इष्ट.

दप्तर हाती आल्यावर त्याची दुसऱ्या डिस्कवर लगेच एक प्रत करावी. अनेक संगणकांवर फिरवावयाची डिस्क एक्सफॅट मांडणीची ठेवल्यास मालकीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु मग ती ज्याच्या हाती पडेल त्यास सर्व काही दिसते. म्हणून वेतनदेयके, आधार क्रमांक यांसारखा मजकूर असलेल्या डिस्कला बिटलॉकरच लावावे आणि ४८ अंकांचा कागद डिस्कच्या डबीत न ठेवता कार्यालयाच्या तिजोरीत ठेवून त्याची नोंद कार्यभार-यादीत करावी.