पहिली निवड : चढाईपटू की कोपरा?

प्रश्न : गावच्या कबड्डी लीगमध्ये खेळाडू निवडायची पहिली चिठ्ठी आमची निघाली. चढाईपटू घ्यावा की पकडीचा?
– एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : पकडीचा, त्यातही कोपरा सांभाळणारा घ्या. चढाईचे गुण डोळ्यांत भरतात, म्हणून बाकीचे तिकडेच धावतील. बरा चढाईपटू दुसऱ्या फेरीतही हाती लागेल. घोटा धरला की न सोडणारा कोपरा विरळाच. प्रो कबड्डीच्या २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या शादलूई या डाव्या कोपऱ्यासाठी २.३५ कोटी मोजले आणि त्याच हंगामात विजेतेपद पटकावलं. (अस्लम इनामदारसारखा चढाईपटू मात्र त्यांच्याकडे आधीच होता.)

कोपऱ्यासाठी ज्या मुलाचा विचार करताय, त्याला सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाहा. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकताच तो एकटाच झेपावतो, की साखळी जुळेपर्यंत थांबतो? थांबणारा बिनधास्त घ्या.