अडगळीतील धन

जुन्या वाड्याचा माळा हा मुलांच्या दृष्टीने एक अद्भुत प्रदेशच असतो. कौलांच्या फटीतून उतरलेला उन्हाचा एखादा कवडसा, त्यात नाचणारे धुळीचे कण, कोपऱ्याकोपऱ्यांत लोंबणारी कोळिष्टके, आणि त्या अंधुक प्रकाशात अंग चोरून बसलेल्या कितीतरी वस्तू! तेथे पाय मोडलेला चौरंग असतो, किल्ली हरवलेले कुलूप असते, कळकून हिरवी पडलेली समई असते आणि गंजून घट्ट बसलेला अडकित्ता असतो. घरातील मोठी माणसे या साऱ्यांना मिळून एकच नाव देतात : अडगळ.

दिवाळी जवळ आली की घराची साफसफाई होते आणि ही अडगळ भंगारवाल्याच्या तराजूत जाऊन पडते. तेथे पितळेला पितळेचा भाव मिळतो व लोखंडाला लोखंडाचा. परंतु ज्या कारागिराने समईच्या शिरोभागी डौलदार मोर घडवला, त्याच्या कौशल्याला तेथे भाव नसतो. तराजूला वजन कळते, गुण कळत नाही. वस्तू वितळते आणि तिच्याबरोबर त्या कारागिराच्या हाताची ओळखही कायमची पुसली जाते.

या तराजूतून अशा वस्तू सोडवून आणण्याचा ध्यास एका पुणेकराने घेतला आणि त्यासाठी आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा जन्म १८९६ साली झाला. उपजीविकेसाठी ते चष्म्यांचे दुकान चालवीत. परंतु त्यांचा पिंड कवीचा होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. इतरांना नीट दिसावे म्हणून चष्मे देणाऱ्या या गृहस्थाला, इतरांच्या नजरेतून सुटलेले सौंदर्य मात्र चष्म्याविनाच दिसत असे!

सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. तो काळच पालटाचा होता. समईच्या जागी रॉकेलचे कंदील आले होते आणि कंदिलांची जागा पुढे विजेचे दिवे घेणार होते. हाताने घडवलेल्या भांड्यांशेजारी कारखान्यात बनलेली, एकाच ठशाची भांडी येऊन बसली होती. जुनी घराणी विस्कळीत होत होती आणि त्यांचे वाडे ढासळत होते. नव्या सोयींचे स्वागत करण्यात लोकांचे काही चुकत होते, असे नव्हे. ज्या दिव्याने घर अधिक उजळते तो कोणास नको असेल? परंतु नव्याला जागा करून देताना जुन्याची निदान ओळख तरी ठेवावी, याचे भान फारच थोड्यांना होते.

त्या काळी संग्रह करणारे लोक नव्हते असे नाही. परंतु संग्रह म्हटला की तो राजेरजवाड्यांच्या तलवारींचा, सुवर्णमुद्रांचा किंवा देवमूर्तींचा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. केळकरांनी शस्त्रे व मूर्ती जमवल्याच. पण त्यांची दृष्टी त्यांच्याही पलीकडे, थेट स्वयंपाकघरात, देवघरात आणि न्हाणीघरात पोहोचली. दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, पानाचे डबे, शेवया पाडण्याची साधने, वाद्ये, खेळणी, कोरीव दरवाजे : जे जे माणसाच्या रोजच्या हाताखालून गेले, ते ते त्यांना मोलाचे वाटले. राजाची तलवार एका लढाईची कथा सांगत असेल; परंतु हजारो घरांत माणसे कशी राहत होती, काय खात होती आणि कशात आनंद मानत होती, हे त्या घरांतील वस्तूंवाचून कोण सांगणार?

वज्रीचेच उदाहरण घ्यावे. वज्री म्हणजे टाचा घासण्याचे साधन. दिवसभर अनवाणी चालून भेगाळलेले, मळलेले पाय स्वच्छ करावयाचे, एवढेच तिचे काम. त्यासाठी खरबरीत दगडाचा एखादा तुकडाही पुरला असता. तथापि जुन्या कारागिरांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी वज्रीचा तळ आडव्या-उभ्या रेघांनी खडबडीत केला आणि वर धरावयास मूठ म्हणून कोठे पक्षी बसवला, तर कोठे प्राणी उभा केला. काही वज्रींना बारीक घुंगरेही जोडली. पाय घासता घासता त्यांचा मंजुळ नाद व्हावा, ही त्यातील कल्पना! न्हाणीघरातील, कोणाच्या दृष्टीसही न पडणारी वस्तू. पण तीही सुंदर असावी, असे वाटणारी माणसे येथे राहत होती. ही एवढी गोष्ट कळण्यास एक वज्री पुरेशी आहे.

अडकित्त्याचेही तसेच आहे. त्याची दोन पाती एका टोकाशी खिळीने जोडलेली असतात. सुपारी त्या खिळीजवळ ठेवावयाची आणि जोर मात्र दूरच्या टोकाशी द्यावयाचा. टेकू एका टोकास, भार मध्ये आणि बळ दुसऱ्या टोकास, अशी ही तरफ आहे. हाताने न फुटणारी सुपारी तिच्या योगाने सहज कातरली जाते. शास्त्राच्या पुस्तकात तरफेचा नियम वाचलेला नसतानाही लोहाराला तो हाताने अवगत होता. शिवाय त्याने त्या तरफेला कधी घोड्याचे, तर कधी पोपटाचे रूप दिले. शास्त्र आणि कला अशा रीतीने एकाच मुठीत नांदत होती.

अशा वस्तू शोधणे सोपे नव्हते. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे, जुन्या घराण्यांचे उंबरे झिजवावे लागत, व्यापाऱ्यांशी घासाघीस करावी लागे. पदरचे पैसे खर्च करून आणलेली वस्तू पाहून हसणारेही भेटत असतील. परंतु केळकरांनी आपला नाद सोडला नाही. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी साथ होती. १९६० सालापर्यंत त्यांच्या संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली.

वस्तू सापडली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. खरे काम तेथूनच सुरू होते. जुन्या वस्तूचे पुनरुज्जीवन म्हणजे तिला नव्यासारखी चकचकीत करणे नव्हे. पितळेची जुनी समई चिंच आणि राख लावून जोराने घासली, तर ती क्षणभर झळकेल खरी. पण त्याच घासण्याने तिच्यावरील बारीक नक्षी झिजेल आणि शतकांच्या वापराने चढलेली शांत झळाळी नाहीशी होईल. म्हणून जाणकार मनुष्य प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडतो. गंज आहे की नुसती माती, हे तो निरखून पाहतो. लोखंडाला ओल लागू देत नाही. कारण ओल आणि हवा मिळाली की लोखंड गंजत जाते. लाकडास वाळवी वा भुंगा लागला असेल, तर प्रथम त्याचा बंदोबस्त करतो. मोडलेला भाग जोडावयाचा झाल्यास मूळचे जितके वाचवता येईल तितके वाचवतो, आणि नवा तुकडा बसवलाच तर तो नवा आहे हे लपवीत नाही. वस्तू कोठे मिळाली, कोणाकडून मिळाली, तिचा उपयोग काय होता, हेही तो लिहून ठेवतो. कारण नावगाव नसलेली वस्तू ही मुक्या माणसासारखी असते.

कधी कधी तर एखादी लहान वस्तू नव्हे, संपूर्ण दालनच वाचवण्याची वेळ येते. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील मस्तानी महाल कोथरूड येथे होता. कालांतराने तो मोडकळीस आला. त्याचे उरलेले भाग केळकरांनी पुण्यात आणविले आणि आपल्या संग्रहालयात ते दालन पुन्हा उभे केले. विखुरलेल्या लाकडांतून व तुळयांतून एक काळ पुन्हा उभा राहिला.

या साऱ्या खटाटोपामागे एक दुःखही होते. केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच देवाघरी गेला. पुत्राच्या नावाने एखादे स्मारक उभारून दुःख विसरण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. केळकरांनी आपला सारा संग्रहच राजाच्या नावाने ओळखला जावा, असे ठरवले. हजारो अनोळखी घरांतील वस्तूंना त्यांनी आपल्या मुलाचे नाव दिले!

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्याच्या जुन्या पेठांत हाहाकार माजवला. कितीतरी जुनी घरे एका दिवसात कोसळली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चीजवस्तू वाहून गेल्या. जपून ठेवलेले धनही किती क्षणभंगुर असते, हे पुण्याने त्या दिवशी पाहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ साली, ‘राजा केळकर संग्रहालय’ स्थापन झाले. पुढे १९७५ साली केळकरांनी आपला हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जन्मभर जमवलेले धन त्यांनी स्वतःसाठी ठेवले नाही. ते सर्वांचे केले. १९९० साली ते निवर्तले. शुक्रवार पेठेतील या संग्रहालयात आज २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू प्रेक्षकांसाठी मांडलेल्या आहेत.

केळकरांची ही दृष्टी केवळ पितळेच्या दिव्यांपुरती नाही. काळाच्या ओघात यंत्रेही म्हातारी होतात आणि अडगळीत जातात. पाय धुण्याची वज्री जशी मागे पडली, तशीच कपडे धुण्याची जुनी यंत्रेही मागे पडली. एके काळी पुण्याच्या वाड्यांत हौदाजवळच्या दगडावर धुणे धोपटले जाई. पुढे विजेवर चालणारी धुलाईयंत्रे आली. घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित धुलाईयंत्र अमेरिकेत १९३७ साली बाजारात आले. त्याच्या पुढल्या बाजूस वाटोळी काचेची खिडकी होती, आणि ते इतके हादरे की त्याला जमिनीशी बोल्टांनी जखडून ठेवावे लागे.

पाणी भरणे, कपडे घुसळणे, मळके पाणी सोडणे आणि शेवटी वेगाने फिरवून कपडे पिळणे, ही सर्व कामे यंत्र आपोआप कशी करी? जुन्या स्वयंचलित यंत्रांत एक लहानशी मोटर दातेरी चाकांच्या योगाने एक दांडा अगदी सावकाश फिरवी. त्या दांड्यावर खाचा व उंचवटे असलेल्या चकत्या बसवलेल्या असत. उंचवटा आला की विजेची एक वाट जुळे. खाच आली की ती तुटे. अशा रीतीने कोणत्या कामानंतर कोणते काम करावयाचे, हे त्या चकत्यांच्या काठावरच जणू लिहून ठेवलेले असे! आजच्या यंत्रांत हे काम डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म विद्युतमंडले करतात. म्हणूनच ज्याच्या खाचांवर बोट ठेवून त्याची करामत उमगते, अशा जुन्या यंत्राचे मोल अधिक.

परदेशांत काही हौशी लोक अशी जुनी यंत्रे तळघरांतून व भंगारातून हुडकून काढतात. कडक झालेले रबर बदलतात, झिजलेला पट्टा नवा घालतात, गंज साफ करतात आणि ती पुन्हा चालती करतात. मात्र जुन्या यंत्रातील तारांवरचे वेष्टन तडकलेले असते. म्हणून जाणत्या कारागिराने तपासल्यावाचून ते विजेला कधीही जोडू नये. थांबलेले चाक पुन्हा फिरू लागते, तेव्हा त्या माणसांना होणारा आनंद केळकरांच्या आनंदाहून वेगळा नसेल.

आज नव्या वाटणाऱ्या वस्तू उद्या जुन्या होणार आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात आज समईशेजारी रेडिओ आणि रेडिओशेजारी शिलाईयंत्राचे चाक पडलेले दिसते. प्रत्येक घराने सारेच जपून ठेवावे, हे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु एखादी वस्तू टाकून देण्यापूर्वी क्षणभर थांबून ‘ही कोणी केली? ही कशी चालते? हिने काय काम केले?’ एवढे तीन प्रश्न कोणासही विचारता येतात. आजी-आजोबा जवळ असतील, तर त्यांची उत्तरेही मिळतात. ज्या घरात असे प्रश्न विचारले जातात, त्या घरातील अडगळ आपोआप धन होते.

स्वाध्याय

१. भंगारवाल्याच्या तराजूत कारागिराच्या कौशल्याला भाव का मिळत नाही?
२. वज्रीवरून जुन्या काळच्या लोकांविषयी कोणती गोष्ट कळते?
३. अडकित्त्यात टेकू, भार व बळ कोठे असतात, ते आकृती काढून दाखवा.
४. जुनी समई चिंच व राख लावून जोराने का घासू नये?
५. आपल्या घरातील सर्वांत जुन्या वस्तूविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.