नांगर टाकल्यावरची रात्र

शहाडला घरी आलो की लोक विचारतात, भर समुद्रात भीती नाही वाटत का? ट्रॉलरवर इंजिन सांभाळण्यात माझे बरेच हिवाळे गेले. भर समुद्रात पाणी खोल असतं, तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, सुकाणूवर असतो, माणसं जागी असतात. जिवावर बेतलेले बहुतेक प्रसंग मी पाहिले ते किनाऱ्याजवळ, बेटाच्या आडोशाला, नांगर टाकून सगळे निजल्यावर. हल्ली मोहोने-आंबिवलीची तरणी पोरं बोटीवर काम मिळेल का म्हणून विचारायला येतात. एकदोघांनी तर जुना ट्रॉलर विकत घेऊन हिवाळाभर त्यावरच राहायचं मनात घेतलंय. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आपल्या किनाऱ्यावर आडोसे चांगले आहेत आणि ते पूर्वीच्या लोकांनी नीट हेरलेले आहेत. खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे जलदुर्ग पाहताना तटबंदीकडे लक्ष जातं. मला तिथे आधी दिसतं ते किल्ल्यामागचं शांत पाणी, जिथे गलबतं निवांत उभी राहत असतील. हर्णैला सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आजही बोटी दाटीने नांगरतात, कारण पश्चिमेची लाट बेट अडवतं. मात्र बेट एकाच बाजूने अडवतं. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा येतो, उत्तररात्री जमिनीकडून मतलई सुटते. दुपारी समुद्राकडे तोंड करून उभी असलेली बोट पहाटे जमिनीकडे तोंड करते, म्हणजे नांगराभोवती फिरून पार दुसऱ्या बाजूला जाते. त्या बाजूला खडप आहे का, शेजारच्या बोटीला धक्का लागेल का, हे उजेड असताना पाहून ठेवायचं. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत कधी कधी उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस जोरात वाहतो. त्या वाऱ्यात रोजची जागा आडोशाची राहत नाही.

अशाच एका रात्री आमच्या शेजारची बोट सरकली. संध्याकाळी ओहोटीच्या उथळ पाण्यात त्यांनी बेताचाच दोर सोडला होता. रात्री भरती चढली, वारा भरला आणि नांगराने तळ सोडला. बोटीवर कोणी जागं नव्हतं. आमच्याकडे पाळीवर बसलेला खलाशी पातेलं बडवत ओरडला. मी इंजिन सुरू करेपर्यंत ती बोट आमच्या नाळेला घासून मागे गेली होती. खडपावर तिच्या फळ्या फुटल्या. माणसं वाचली, पण मालकाचा हंगाम गेला आणि खलाश्यांची त्या वर्षाची कमाईही गेली.

यातला हिशोब कागदावर मांडला की पोरांना पटतो. समजा ओहोटीला 3 मीटर पाणी आहे आणि बोटीचा काठ पाण्यापासून दीड मीटर वर आहे. तळापासून काठापर्यंतची उंची झाली साडेचार. दोर तिच्या पाचपट हवा म्हणून साडेबावीस मीटर सोडला. उधाणाच्या भरतीला पाणी 6 मीटर झालं की उंची होते साडेसात, आणि तोच दोर जेमतेम तिप्पट उरतो. दोर उभा झाला की नांगर तळात रुतून न राहता उचलला जातो. म्हणून मोजमाप नेहमी भरतीच्या पाण्यावर करायचं. साडेसातची पाचपट म्हणजे साडेसदतीस मीटर. वारा असेल तर सातपट. नांगराजवळ काही मीटर साखळी हवीच, तिच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि खडकाला घासून दोर तुटत नाही.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आजही उपयोगाचा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. मुंबईच्या आसपास हे ढोबळमानाने जुळतं, नेमकी वेळ कोष्टकात पाहावी. आडोशाला शिरल्यावर किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या, दीपगृह आणि देवळाचा दिवा अशा. वारा तोच असून खुणांची रेषा मोडत चालली, तर बोट सरकतेय. जीपीएसवर गजर लावता येतो, तोही लावावा. पण पाळीवरचा माणूस त्यासाठी झोपवू नये.

वादळाची खबर आली तर बेटाचा आडोसा सोडायचा. हर्णैच्या बोटी अशा वेळी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, काही जयगडला जातात. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या 68 बोटी देवगड बंदरात आल्या आणि 952 माणसं सुखरूप राहिली. त्याआधी 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं. आपला हिवाळा शांत असतो हे खरं, पण नोव्हेंबर-डिसेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचेही महिने आहेत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा राहण्याचा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर 261 माणसं होती. इतक्या मोठ्या तराफ्याचे नांगर तुटतात, तिथे आपला ट्रॉलर किती टिकेल याचा विचार करावा.

बोटीत राहणाऱ्याने दोन गोष्टींना फार जपावं. पहिली स्वयंपाकाचा गॅस. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात दार उघडलं तर तो बाहेर जाऊ शकतो, बोटीत तळाशी इंजिनाजवळ साचून राहतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं. सिलिंडर वर उघड्यावर बांधावा आणि चूल विझली की सिलिंडरचाच कॉक बंद करावा. दुसरी गोष्ट मासळीचा खण. कुजलेल्या मासळीचा विषारी वायू तिथे साचतो आणि श्वासाला हवा उरत नाही. आत उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. झाकणं उघडून वारा खेळू द्यावा; उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर माणूस असल्याशिवाय पाय आत टाकू नये. हे मी प्रत्येक नव्या खलाश्याला हात धरून सांगतो.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. डिझेलमध्ये पाणी उतरतं, ते रोज काढावं. समुद्राचं पाणी ओढणारी जाळी रोज साफ करावी. आपल्या शहाडच्या पुलावरून उल्हास नदीत दिसणारं प्लास्टिक वसईच्या खाडीतून समुद्रात जातं आणि अशा जाळ्यांत येऊन बसतं. मला ते पाहून फार वाईट वाटतं. ज्या नदीवरच्या कल्याण बंदरात शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजं बांधली, ती हीच नदी.

आणि घरची ओढ. शिमगा जवळ आला की बोटीवर एकच बोलणं. हर्णैहून मुंबईकडे येताना दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर असतो, बोट आदळते, डिझेल जास्त जळतं. मतलईवर पहाटे निघावं, वारा वाढायच्या आत दिघी गाठावी, पुढचा टप्पा दुसऱ्या पहाटे. ज्याला तारीख पाळायचीच असेल त्याने खेडला जाऊन गाडी धरावी, दिव्याला उतरून लोकलने घरी यावं. बोट मागून येईल. तांडेल "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

जुना ट्रॉलर घेणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. मासेमारीसाठी नोंदलेली बोट पाहुण्यांना फिरवायला नसते. तुमचा वापर काय ते नोंदणीच्या वेळीच स्पष्ट करा. 2008 मध्ये अतिरेक्यांनी 'कुबेर' ट्रॉलर पळवून मुंबई गाठली, तेव्हापासून समुद्रावर तपासणी कडक आहे. प्रत्येकाचं ओळखपत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून जवळ हवं. घरी मात्र एक कागद ठेवा. माझ्या बायकोकडे असतो तसा: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, रंग, बोटीवर किती जण, तांडेल आणि मालक यांचे फोन, निघायची जागा, पोचायचा दिवस, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करायचा ते.