वाळवंटी देशात जावे कोणत्या ऋतूत?

परवा दवाखान्यात एक निवृत्त गृहस्थ आले. वय ६८, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. मुलगा दुबईला नोकरीस. नातवंडांना जुलैत सुट्टी म्हणून त्याने जुलैचेच तिकीट पाठविलेले. मी नको म्हणताच ते हसले. "डॉक्टरसाहेब, आम्ही नागपूरची माणसं. ४६ अंशांत लग्नाच्या पंगती उठवल्या. आम्हाला दुबईच्या उन्हाचं भय कसलं?"

मी विचारले, "घरचा कूलर जुलैत गार हवा का देत नाही?"

"हवा दमट असते, ताट्यांचं पाणी सुकत नाही."

नेमके हेच! आपले शरीरही कूलरच आहे. घाम सुकताना कातडीची उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की घाम आला तरी तो दिसत नाही. दुबई, अबुधाबी, दोहा ही शहरे मात्र समुद्रकाठची. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पारा चाळिशीपार, वर मुंबईसारखा दमटपणा. घाम नुसता ओघळतो आणि शरीर तापत जाते. रात्रीही पारा तिशीच्या आसपास, म्हणजे उसंत नाही. शिवाय आपली उन्हाची सवय मार्चपासून हळूहळू होते आणि पावसाळ्यात ओसरते. ती नव्याने व्हायला एक-दोन आठवडे लागतात. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास सरकारचीच मनाई आहे. धडधाकट मजुरांची ही गत, तर आजोबांचे काय?

म्हणून नोव्हेंबरचा मध्य ते मार्चचा आरंभ हा काळ उत्तम. रियाधसारख्या आतल्या भागात तेव्हा रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर न्यावा.

हजयात्रेकरूंना ऋतू निवडता येत नाही. चांद्रवर्षामुळे यात्रा दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. २०२४ साली ती जूनमध्ये आली. मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि १,३०० वर माणसे दगावली. सौदी सरकारच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतील बहुतेक जण परवान्याविना आलेले, सावलीविना लांब चाललेले होते. उमराह मात्र हजचे दिवस सोडून केव्हाही करता येतो. वृद्धांनी तो हिवाळ्यात करावा.

उन्हाळ्यात जाणे भागच असेल तर रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी अंगातले पाणी आणि क्षार कमी होतात. पण गोळी मनाने बंद करू नये. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, गाडीत विसरू नये. उन्हात कोणी बरळू लागले किंवा त्याची शुद्ध हरपू लागली तर अंगावर पाणी ओतून वारा घालावा व लगेच रुग्णालय गाठावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

त्या गृहस्थांनी तिकीट डिसेंबरचे करून घेतले. नातवंडांची सुट्टी तेव्हा थोडी असते, याची हळहळ त्यांना आहेच. निघण्यापूर्वी गोळ्यांची सगळी पाकिटे घेऊन या, असे मी त्यांना सांगितले आहे.