मालट्रकचालकाची रोजनिशी किती दिवस जपावी?

‘लॉगबुक’ या शब्दाचे मूळ समुद्रावर आहे. जुने दर्यावर्दी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचे फळकूट बांधून ते पाण्यात सोडीत, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या यावरून जहाजाचा वेग काढीत आणि तो वहीत टिपून ठेवीत. अमेरिकेत ही वही मालट्रकमध्ये आली ती मात्र वेग मोजण्यासाठी नव्हे, माणसाचा शीण मोजण्यासाठी. १९३५ साली तेथे मोटार वाहतुकीचा कायदा झाला आणि १९३७ मध्ये आंतरराज्य व्यापार आयोगाने चालकांच्या कामाच्या तासांचे पहिले नियम जाहीर केले. त्यांत पुढे पुष्कळ फेरफार झाले. आजचा मुख्य नियम असा, की सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चालक कामावर आला म्हणजे पुढच्या चौदा तासांच्या आत तो जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकू शकतो. शिवाय सात दिवसांत कामाचे ६० तास भरले, किंवा कंपनी आठवड्याचे सातही दिवस चालू असेल तर आठ दिवसांत ७० तास भरले, की त्याने चाकाला हात लावायचा नाही.

हे तास मोजायचे कसे? त्यासाठी रोजनिशीच्या पानावर चोवीस तासांची जाळी आखलेली असते. आडव्या ओळी चारच : सुट्टी, गाडीतील झोपेची जागा, प्रत्यक्ष गाडी चालविणे, आणि गाडी न चालविता केलेले काम, म्हणजे माल भरणे-उतरविणे, तपासणी वगैरे. चालकाने या ओळींवरून एक रेघ वरखाली नेत राहायची. चोवीस तासांतला एकही क्षण या चार ओळींच्या बाहेर राहत नाही.

माझे वडील मालट्रकवर प्रथम क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. त्यांच्याही सीटखाली एक वही असे. तिच्यात डिझेल, हमाली, पंक्चर, जेवण, सारे पैशापैशाने लिहिलेले असे. झोपेचा रकाना तेवढा नव्हता. मालकाला हिशेब खर्चाचा हवा होता. म्हणून अमेरिकेतल्या जाळीत झोपेला स्वतंत्र ओळ आहे हे वाचले तेव्हा मला त्या कायद्याविषयी आस्था वाटू लागली.

आता मुदतीचा प्रश्न. चालकाने चालू दिवसाचे पान आणि मागील सात दिवसांची पाने कामावर असताना जवळ बाळगली पाहिजेत. सातच का? याचे उत्तर साधी बेरीज करून मिळते. आज अधिक मागील सात म्हणजे आठ दिवस. रस्त्यावर गाडी अडविणाऱ्या अधिकाऱ्याला आठ दिवसांतले ७० तास तेथल्या तेथे मोजता यावेत, एवढाच या मुदतीचा हेतू. पान भरल्यापासून तेरा दिवसांच्या आत चालकाने ते कंपनीकडे पोहोचवायचे, आणि कंपनीने ते मिळाल्या तारखेपासून सहा महिने जपायचे. त्याबरोबर मालाच्या पावत्या, खर्चाची बिले, पगाराच्या नोंदी असे पुरावेही तितकेच दिवस ठेवावे लागतात. कारण नुसती रेघ खोटी काढता येते. पण रात्री दोन वाजताची डिझेलची पावती आणि त्याच वेळी ‘झोप’ दाखविणारी रेघ एकत्र ठेवली, की खोटेपणा उघडा पडतो. चालक मंडळी आपल्या कागदी वहीला थट्टेने ‘कॉमिक बुक’ म्हणत, ते उगाच नव्हे!

डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांत वहीची जागा इंजिनाला जोडलेल्या विद्युत-यंत्राने घेतली. गाडी हलली की ते आपोआप नोंद करते. नोंदीत दुरुस्ती करता येते, पण कारण लिहावे लागते आणि मूळ नोंद पुसली जात नाही. येथेही मुदत सहा महिन्यांचीच आहे. फक्त एक प्रत वेगळ्या यंत्रावर राखून ठेवण्याचे बंधन आहे.

माझ्या मते खरी अडचण या सहा महिन्यांतच आहे. अपघात झाला तर कंपनीला त्याची नोंद अपघात-नोंदवहीत तीन वर्षे ठेवावी लागते : तारीख, गाव, चालकाचे नाव, किती जखमी, किती मृत. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात जखमी माणसाला नुकसानभरपाईचा दावा लावण्यास साधारणतः दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे दावा मुदतीत दाखल होईल, गाडी कोण चालवीत होता हेही सापडेल, परंतु तो किती तास जागा होता हे सांगणारे पान तोवर नियमानुसारच रद्दीत गेलेले असू शकेल. कागदपत्रे वर्षानुवर्षे साठविण्याचा खर्च कंपन्यांवर लादू नये हे मला समजते. पण यंत्रातल्या नोंदीला कपाट लागत नाही, तेव्हा ही सबब आता लंगडी वाटते. युरोपीय संघात कंपनीने नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या असतात, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून चालकाला तर मागील ५६ दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागतात.

या फटीवर अमेरिकेतील वकिलांनी उपाय काढला आहे. अपघातानंतर ते शक्य तितक्या लवकर कंपनीला पत्र धाडतात, की अमुक गाडीच्या, अमुक चालकाच्या नोंदी व पावत्या नष्ट करू नयेत. अशी सूचना मिळाल्यावर सहा महिने उलटले तरी ते कागद फेकणे कंपनीला महागात पडू शकते. मुद्दाम पुरावा नाहीसा केला असे दिसले, तर तो कंपनीच्या विरुद्धच जाणारा होता असे मानण्याची मुभा न्यायाधीश ज्यूरीला देऊ शकतात. अर्थात हे पत्र वेळेत जाण्यासाठी जखमी माणसाला, किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांना, त्या सहा महिन्यांत वकील गाठावा लागतो.